तीनशे दहा मिलिसेकंद

करिश्मा पगारेने बटण दाबलं नव्हतं, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. भर दुपारी, पंख्याखाली बसून, चष्मा पुसून, पूर्ण वाचून. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं. माझा माझ्या कोडवर विश्वास होता, एवढंच.

मी हेमलता दुसाने, वय एकसष्ट. सव्वीस वर्षांपूर्वी, म्हणजे २०११ साली, नाशिकच्या एका छोट्या कंपनीत मी प्रेस मशीनच्या कंट्रोलरचा कोड लिहिला होता. कंपनी केव्हाच बुडाली, पण कंट्रोलर टिकला. पुढे सिन्नरच्या एका मोठ्या कारखान्याने तो घेतला आणि त्यात बसवलेला माझा कोडही घेतला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलं आहे. तिथे एकशे चाळीस प्रेस आहेत. यांत्रिक हात पत्रा आत सरकवतो, वरून ठोकळा खाली येतो, आणि पत्र्याचा स्कूटरच्या सीटखालचा सांगाडा होतो. ठोकळ्याला वरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो. पत्रा वाकडा बसला तर यांत्रिक हात थांबतो आणि मशीनवरची बाई तो हाताने सरळ करते.

अकरा मार्चला सकाळी पावणेबाराच्या सुमारास सदतीस नंबरच्या मशीनवर पत्रा वाकडा बसला. करिश्माने उजवा हात आत घातला. आणि यांत्रिक हाताला वाटलं, पत्रा सरळ झाला. ठोकळा निघाला. तिने डाव्या हाताने लाल बटण मारलं, असं ती म्हणत होती. ठोकळा थांबला नाही. तिच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

चौकशीच्या खोलीत मशीनची नोंदवही पडद्यावर लावली होती. सेकंदासेकंदाचा हिशोब. त्यात त्या वेळेला बटणाची नोंदच नव्हती.

"मॅडम, बटण आम्ही तपासलं," कारखान्याचा प्रमुख निरंजन बोरसे म्हणाला. "शंभर वेळा दाबलं. शंभरही वेळा मशीन थांबलं. कोड तुमचा आहे. नोंद चुकू शकते का, तेवढं सांगा."

"माझ्या कोडमध्ये नाही चुकत," मी म्हणाले.

समोरच्या बाकावर करिश्मा बसली होती. तेहतीस वर्षांची, काटक, पांढऱ्या बँडेजचा हात मांडीवर ठेवून. "मी दाबलं होतं," ती म्हणाली. समितीने मान हलवली. "मी दाबलं होतं," ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने ते वाक्य इतर कुणाकडे न बघता फक्त माझ्याकडे बघून म्हटलं. मी खाली बघितलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिला कामावरून काढलं.

नऊ दिवसांनी ती माझ्या दारात उभी होती.

पत्ता कुठून मिळवला, कोण जाणे. सोबत कुणी नव्हतं. मी चहा विचारला तर नको म्हणाली. बसा म्हटलं तर उभीच राहिली.

"मला एवढंच सांगा मॅडम," ती म्हणाली, "कसं दाबायचं असतं ते?"

"म्हणजे?"

"सहा वर्षं काम केलं मी तिथं. बटण कसं दाबायचं ते मला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही बनवलंय ना? मग तुम्ही सांगा. म्हणजे माझं काय चुकलं ते मला कळेल."

मला राग आला. खरं सांगते, त्या क्षणी तिचाच राग आला. दारात येऊन मला टोमणे मारते म्हणून. "दाबायचं म्हणजे दाबायचं," मी फणकाऱ्याने म्हणाले. "त्यात शिकवायचं काय आहे?"

"मग मी असं दाबलं."

आणि तिने डाव्या हाताने माझ्या जेवणाच्या टेबलावर थाड्‌कन चापट मारली. टेबलावरचा स्टीलचा पेला उडाला, पडला, खडखड करत तीन-चार वेळा नाचला आणि मग स्थिर झाला. तिचा हात मात्र तोवर केव्हाच मागे आला होता. विस्तवाला लागल्यासारखा.

मी त्या पेल्याकडे बघत राहिले.

बटणाच्या आतही नेमकं हेच होतं. बटण म्हणजे दोन धातूच्या पट्ट्या. दाबलं की एक दुसरीवर आपटते, पण आपटून गप्प बसत नाही. उडते, पुन्हा आपटते, पुन्हा उडते. पाच-दहा मिलिसेकंद हा नाच चालतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, आपल्याला तो कळतही नाही. पण चिप सेकंदाला लाखो वेळा बटणाकडे बघत असते. तिला तुमचा एक ठोका दहा-पंधरा ठोक्यांसारखा दिसतो. शिवाय शेजारची मोटर सुरू झाली तरी तारेत क्षणभर खोटा झटका येतो. म्हणून चिपला थोडा धीर शिकवावा लागतो. पहिला स्पर्श दिसला की लगेच विश्वास ठेवू नकोस, मोजायला लाग. दर मिलिसेकंदाला एकदा बघ. सलग वीस वेळा बटण दाबलेलंच दिसलं, तर ते खरं धर. मधे एकदाही सुटलेलं दिसलं, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

हे मी चिपच्या स्वतःच्या भाषेत, असेंब्लीत, अकरा ओळींत लिहिलं होतं. त्यातल्या एका ओळीत वीस हा आकडा होता. वीसच का, तर नाच दहात संपतो आणि माणसाचा हात वीसपेक्षा खूप जास्त वेळ बटणावर असतो.

खूप म्हणजे किती? मी कधी मोजलं नव्हतं.

कपाटातून मी जुना बोर्ड काढला, त्याला तसंच लाल बटण जोडलं, स्कोप लावला. स्कोप म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. "परत मारा," मी करिश्माला म्हणाले. "त्या दिवशी मारलं तसं."

तिने डोळे मिटले. तोंड कसंनुसं झालं. मग मारलं.

चौऱ्याऐंशी मिलिसेकंद.

पुन्हा. एकाहत्तर. पुन्हा. शहाण्णव. मग मी तिला म्हटलं, आता साहेब लोक तपासणीला येतात तेव्हा दाबतात तसं दाबा. तिने अंगठा टेकवला, नीट, सावकाश. सहाशे चाळीस.

घाबरलेला माणूस बटण दाबत नाही, मारतो. आणि मारलेला हात लगेच परत येतो. तरीही सत्तर म्हणजे विसाच्या साडेतीन पट. माझ्या कोडने तो ठोका धरायलाच हवा होता.

"तुम्ही दाबलं होतं," मी म्हणाले.

"ते मला माहितीये," करिश्मा म्हणाली. "तुम्हाला आत्ता कळलं."

दोन दिवसांनी मी सिन्नरला गेले. सल्लागार म्हणून माझा पास अजून चालू होता. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत पोचले. सदतीस नंबरला सील होतं. शेजारच्या अडतीसवर रोहिणी बोडके नावाची पन्नाशीची बाई डबा उघडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच का सही करणाऱ्या?"

"हो."

"मग आता काय बघायचं राहिलं?"

"बटण."

कंट्रोलरच्या कपाटाची किल्ली तिने कमरेच्या जुडग्यातून काढून दिली.

मी लॅपटॉप जोडून चिपमधला कोड वाचला. सव्वीस वर्षांनी स्वतःचं हस्ताक्षर बघावं तशा त्या अकरा ओळी. फक्त आता त्या चौदा होत्या. जिथे वीस हा आकडा होता तिथे आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, अमुक खणात जे असेल ते घे. म्हणजे आकडा कोडमधून उचलून स्मृतीच्या एका खणात ठेवला होता, बाहेरून बदलता यावा म्हणून. बरं, त्या चिपच्या एका खणात दोनशे पंचावन्नपेक्षा मोठा आकडा मावत नाही. तो अपुरा पडेल म्हणून कुणीतरी शेजारचा आणखी एक खण त्याला जोडला होता. दोन खण जोडण्याची ती विशिष्ट पद्धत मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती.

मी दोन्ही खण उघडले. पहिल्यात एक, म्हणजे दोनशे छप्पन्न. दुसऱ्यात चोपन्न.

तीनशे दहा.

हे मशीन बटण दाबलेलं मानायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाट बघत होतं. तेवढ्या वेळात हात मागे गेला, तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही. तारेतला झटका, पट्टीचा नाच, कचरा. करिश्माचा जिवाच्या आकांताने मारलेला हात शेजारच्या सदतीसनेही असाच कचरा म्हणून गाळून टाकला होता आणि नोंदवहीत लिहिलं नव्हतं, कारण कचरा नोंदवहीत लिहीत नाहीत. ते मीच ठरवलं होतं.

आणि तपासणीत शंभरपैकी शंभर! तपासणारा अंगठा टेकवून ऐटीत दाबतो. त्याचा हात आत नसतो.

मी जिना चढून निरंजनच्या केबिनमध्ये गेले.

निरंजन बाविसाव्या वर्षी नाशिकच्या त्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर आला होता. पहिली ओळ मी त्याच्याकडून लिहून घेतली. त्याच्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले, आणि त्याच्या आईच्या आजारपणात महिनाभर डबा माझ्या घरून गेला. चारचौघांत तो मला मॅडम म्हणायचा, एरवी ताई.

"ताई, यायच्या आधी फोन करायचा ना," तो उठत म्हणाला.

"अडतीस नंबरमध्ये तीनशे दहा आहे."

कसले तीनशे दहा, असं त्याने विचारलं नाही. तो खाली बसला.

मग त्याने सांगितलं. पूर्वी लाल बटणाची तार थेट मोटरची वीज तोडायची, चिप फक्त नोंद करायची, मधे विचार करणारं कुणी नसायचं. नव्या नियमाने 'हुशार थांबा' चालू लागला, म्हणजे बटण चिपला सांगणार आणि चिप मशीन थांबवणार. त्यानंतर चार वर्षांपूर्वी कारखान्याने स्वयंजुळणी नावाची प्रणाली घेतली. एक सर्व्हर एकशे चाळीस मशिनींवर लक्ष ठेवतो. प्रत्येक मशीनमधले शे-दीडशे आकडे, तेलाचा दाब, वेग, थांबण्याचा अवधी, तो दर शिफ्टला कणभर बदलून बघतो. परिणाम चांगला आला तर बदल ठेवतो, नाही तर मागे घेतो. कुणी सांगायला लागत नाही. आपण फक्त त्याला उद्दिष्ट द्यायचं.

"काय उद्दिष्ट दिलं होतं?"

"बरीच होती. एक होतं, निरर्थक थांबे कमी करायचे."

"निरर्थक म्हणजे?"

निरंजनने पेन उचललं, ठेवलं. "ज्या थांब्यानंतर पार्ट खराब निघाला नाही आणि कुणाला इजा झाली नाही, असा थांबा."

मला ते समजायला थोडा वेळ लागला.

एखादीने वेळेवर बटण मारलं. मशीन थांबलं. हात वाचला. नोंद काय झाली? इजा नाही. म्हणजे थांबा निरर्थक. ज्या ज्या वेळी त्या बटणाने आपलं काम चोख केलं, त्या त्या वेळी प्रणालीने त्याला एक उणा गुण दिला. चार वर्षं दर शिफ्टला ती शिकत गेली, की हे लाल बटण उगाच बोंबलतं, याचं जरा कमी ऐकावं. वीसचे चोवीस, चोवीसचे एकतीस, साठ, एकशे दहा. कमी ऐकलं की थांबे कमी, उत्पादन जास्त, साहेब खूश. दोनशे, दोनशे साठ, तीनशे दहा. एका बाईची बोटं जाईपर्यंत त्या हिशोबाला खोटं पाडणारं काहीच घडलं नव्हतं.

"दोन खण कशाला जोडलेस?" मी विचारलं. "एकच असता तर निदान अडीचशेच्या आसपास अडलं असतं."

"प्रणाली मागत होती. मर्यादेला टेकलं असा संदेश यायचा सारखा."

"आणि तू मर्यादाच काढलीस!"

"ताई, तुम्हीच हो म्हणाला होतात."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला आठवलं. चार वर्षांपूर्वी भाचीच्या हळदीत होते. फोन आला. ताई, तो वीस कोडमधून बाहेर काढून खणात ठेवू का? ढोल वाजत होते. मी ओरडून म्हणाले होते, "ठेव की! वीसचे पंचवीस झाले म्हणून काय आकाश कोसळणार आहे?" आणि हसले होते. कोण बदलणार, कुठवर बदलणार, एक शब्द विचारला नाही. दुसरा खण त्याने नंतर स्वतःच जोडला, पण दार मी उघडून दिलं होतं.

"बरं," निरंजन खालच्या आवाजात म्हणाला, "ऐका. संध्याकाळपर्यंत सगळीकडे वीस करतो. प्रणालीला त्या खणाचं कुलूप लावतो. चौकशी मिटलीये, ती मिटलेली राहू द्या. तुम्ही उकरून काढलंत तर प्रणालीवाले म्हणतील, आकड्यांना हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. वर्ष-दोन वर्षं मशिनी तीनशे दहावरच चालतील. मला बायकांचे हात वाचवायचेत, ताई. तुम्हाला काय हवंय?"

त्याने मला बरोबर कोंडीत धरलं होतं. क्षणभर मला वाटलंही, की खरंच, हात वाचणं महत्त्वाचं.

"आणि करिश्मा?"

"तिला दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देतो."

"ती म्हणते तिने दाबलं होतं."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये," निरंजन म्हणाला. "त्याच संध्याकाळी मी खण उघडून बघितला होता."

म्हणजे चौकशीत बसून तो मला विचारत होता, नोंद चुकू शकते का. मला विचारत होता! उत्तर ठाऊक असताना. माझा अहंकार कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याने तिथेच बोट ठेवून माझ्याकडून सही काढली.

मी तशीच जिना उतरले. सुट्टी संपत आली होती. बाया डबे झाकत होत्या.

"रोहिणीबाई," मी म्हणाले, "डब्यात काकडी आहे का?"

"आहे की. का?"

"द्या. आणि मशीन चालू करा."

ती काकडी देऊन मशीनकडे वळली. मी काकडी खालच्या साच्यावर आडवी ठेवली, जिथे हात जातो तिथे. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. ठोकळा निघाला. मी सगळा जोर लावून बटणावर चापट मारली.

ठोकळा थबकलाही नाही. काकडीचं पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

बाया आणखी जवळ सरकल्या.

"आता तुम्ही मारा," मी रोहिणीला म्हणाले. दुसरी काकडी कुणीतरी पुढे केली. रोहिणीने मारलं. काकडी चेचली. मागची एक बाई पुढे झाली, तिने मारलं. मग आणखी एक. गाजर संपलं, मुळा संपला. पाचवीच्या वेळी मशीन थांबलं, तेव्हा ती म्हणाली, "मी मुद्दाम धरून ठेवलं. थांबतं का बघायला."

मी त्यांना आकडा सांगितला. कसा वाढला तेही सांगितलं. फोनवर मी काय म्हणाले होते तेही.

रोहिणी बोडकेने ऐकून घेतलं. मग ती मशीनच्या मागे गेली आणि मुख्य स्विच खाली ओढला. अडतीस बंद. एकोणचाळीसवाली गेली, तिने ओढला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पण ओळीने मशिनी गप्प होत गेल्या. इतकी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती. घोषणा नाही, काही नाही. बाया आपापल्या मशीनपाशी हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

निरंजन जिन्यावर उभा होता. "ताई, हे काय केलंत?"

"मला ताई म्हणायचं नाही," मी म्हणाले. "आणि तुझ्या कोंडीचं उत्तर हे आहे. मशिनी तीनशे दहावर चालणार नाहीत. त्या चालणारच नाहीत."

तीन आठवडे मशिनी बंद राहिल्या. चौकशी पुन्हा उघडावी लागली.

मी सही मागे घेतली. फोनची गोष्टही लिहून दिली. वकील म्हणाले होते, हे तुमच्यावरच उलटेल. उलटू दे म्हटलं. माझं सल्लागारपद गेलं, आणि माझ्यावरही चौकशी बसली. ती अजून चालू आहे.

शेवटच्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्षाचा मसुदा वाचून दाखवला. "तांत्रिक त्रुटीमुळे सदर अपघात—"

"त्रुटी नव्हती," मी मधेच म्हणाले. "त्रुटी म्हणजे सांगितलं एक आणि केलं दुसरं. मशीनला सांगितलं तेच त्याने केलं. सांगितलं माणसांनी. त्यांची नावं घाला. माझंही घाला."

"मॅडम, बसा. वाचू द्या." ते पुढे वाचू लागले. "सदर महिला कामगाराने बटण दाबले असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

करिश्मा उठली. "हे काय?"

"तुमच्याच बाजूचं आहे, बाई."

"शक्यता बिक्यता नाही, साहेब. दाबलं."

"सरकारी भाषा असते तशी."

"मग सरकारी भाषेत दाबलं लिहा. करिश्मा पगारे हिने बटण दाबले. इतकंच. मराठीच आहे की!"

अधिकाऱ्यांनी ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. "मोठ्याने वाचा," ती म्हणाली. त्यांनी वाचली. खोलीत निरंजनही होता. त्याची मान वर आली नाही.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, पण ती आधीच बोलली.

"तुम्ही खरं सांगितलंत. बरं केलंत. पण तुमच्या सहीनंतर मी घरी गेले ना, तर रात्रीच्या जेवणाला माझ्या नवऱ्याने विचारलं, 'खरंच दाबलं होतंस ना गं?' सात वर्षांचा संसार. त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. मोठ्या शिकलेल्या मॅडमनी लिहून दिलंय म्हटल्यावर विचारणारच की. आणि मला पण, दोन दिवस, माझंच मला वाटायला लागलं की नसेल दाबलं." ती थांबली. "बोटांचं मी सोडून देईन एखाद वेळेस. हे नाही सोडणार."

मी तयार केलेलं वाक्य बोललेच नाही.

निरंजनला कारखान्याने दुसऱ्या राज्यात पाठवलं. त्याचा एक लांबलचक मेसेज आला आहे. मी उघडलेला नाही.

बाया एका अटीवर कामावर परतल्या. लाल बटणाची तार पुन्हा थेट मोटरच्या विजेला जोडायची. मधे चिप नको, प्रणाली नको, कुणाचीच हुशारी नको. आणि दर मशीन तपासून पास करणार आपल्यातलीच बाई. त्यांनी करिश्माचं नाव दिलं. कारखान्याने बरीच कुरकुर केली, शेवटी तिला परत घेतलं. माझ्याकडे आता काही पद नाही. पण तारा जोडताना कुणीतरी बघायला हवं, म्हणून कामगारांनी मला बोलावून घेतलं.

परवा तपासणी होती. करिश्मा पहिल्या मशीनपासून निघाली. ठोकळा निघाला की डाव्या हाताची चापट. तीच, झट्‌कन मागे येणारी. ठोकळा जागच्या जागी गचकन थांबायचा. ती वहीत खूण करायची आणि पुढच्या मशीनवर जायची. कुणाशी बोलत नव्हती, हसत नव्हती. मी आणि नवा इंजिनिअर मागून चालत होतो.

एकशे बारा नंबरवर तार बदलल्याची हिरवी चिठ्ठी लावलेली होती. तिने चापट मारली. ठोकळा सरळ खाली आला आणि रिकाम्या साच्यावर आदळला.

मी कपाट उघडलं. आत जुनीच तार, चिपकडे जाणारी. जोडणी न करताच कुणीतरी चिठ्ठी लावून मोकळं झालं होतं.

"एवढी एक राहिली असेल," नवा इंजिनिअर घाईघाईने करिश्माला म्हणाला. "उद्या करून टाकू. आणि तसं थांबतं ते मॅडम, अगदीच थांबत नाही असं नाही. तुम्ही फक्त जरा दाबून धरा ना."

करिश्माने वही बंद केली. अंगठा आणि करंगळी उरलेला उजवा हात तिने उचलला आणि ठोकळ्याखालच्या रिकाम्या जागेकडे केला.

"घाला हात," ती म्हणाली. "मी धरते दाबून."

इंजिनिअर एक पाऊल मागे सरला, वळला, आणि इलेक्ट्रिशियनला हाका मारत ओळीतून पळत सुटला.